कापसाच्या गंजीतली

नेरच्या बसस्टँडवरून बाजारात शिरलं की डाव्या हाताला रहेमानभाईचं गादी-रजईचं दुकान लागतं, मागेच त्याचं घर, आणि दुकानाच्या अगदी समोर माझं झेरॉक्सचं. मधे फक्त रस्ता. इतकी वर्षं एखाद्या दुकानाकडे तोंड करून बसलं की माणूस न ठरवता हिशेब ठेवायला लागतो. कोण आलं, काय बोललं, आणि बोललं त्यातलं किती केलं. माझी मशीन कागदाची नक्कल काढते, माणसांची मी डोक्यात ठेवतो.

रहेमानभाई चाळिशी नुकतीच ओलांडलेला. मिशीला तेल लावल्याशिवाय तो शटर वर करत नसे. त्याचा धाकटा भाऊ साजिद म्हणजे मिशी नसलेला रहेमान. तेच पोपटासारखं नाक, पाय फाकवून डुलत चालायची तीच तऱ्हा, आणि आवाज इतका सारखा की फोनवर त्यांची अम्मीसुद्धा आधी "कोन? बडा की छोटा?" असं विचारून घ्यायची.

या दोघांची धाकटी बहीण हमीदा. घारे डोळे, कुरळे केस, बसकं नाक. ती कोणावरच गेली नव्हती. तिच्या लहानपणी अम्मीनं एकदा गंमतीनं म्हटलं, "हिले तं जिनिंगातल्या कापसाच्या गंजीतून उचलून आणलं." पिंजाऱ्याच्या घरात याहून सोयीची गंमत कोणती? ती अख्ख्या गल्लीनं उचलली. लग्नाच्या दिवशी शेजारच्या भगवानरावांनी नवरदेवाला, म्हणजे राळेगावच्या शहजाद मेकॅनिकला, बजावलं होतं, "जावईबापू, माल गंजीतला हाय. वापस घेतल्या जाणार नाई." मांडव हसला. हमीदाही हसली. पण ती नेहमी सगळ्यांचं हसून झाल्यावर हसायची, हे मी टिपून ठेवलं होतं.

तर या रहेमानभाईच्या अंगावर गेल्या उन्हाळ्यात निळे डाग उठायला लागले. कुठं आपटलं नाही, कोणी मारलं नाही, तरी डाग. मग नाकातून रक्त. मग दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना धाप. यवतमाळच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं, आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्यानं हाडाच्या आतला गर तपासून नाव सांगितलं. अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. रक्त बनवणारा कारखाना बंद पडत आलेला. बाहेरून रक्त चढवायचं, थोडे दिवस काढायचे, पुन्हा चढवायचं. हे फार काळ चालणार नव्हतं. कायमचा उपाय एकच सांगितला. सख्ख्या भावंडाचं जुळलं तर त्याच्या हाडातल्या स्टेम सेल्स घेऊन रहेमानभाईच्या अंगात सोडायच्या.

फाइलीच्या नकला काढायला त्याची पोरगी जेबा माझ्याकडे येई. यवतमाळला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, एसटीनं जाऊन येऊन. तिच्या अभ्यासाचा घरात आजवर कोणाला उपयोग झाला नव्हता, त्यामुळे आता ती फारच तयारीत होती.

"स्टेम सेल म्हंजे नेमकं का अस्ते वं?" रहेमानभाईनं दुकानाच्या ओट्यावर बसून विचारलं. भगवानराव चहाचा कप घेऊन हजर होतेच. फुकटात मिळणारं ज्ञान ते सोडत नाहीत.

जेबानं आत जाऊन नुकत्या पिंजलेल्या कापसाचा गोळा आणला. "अब्बू, ही गादी हाय की उशी?"

"अजून काहीच नाई. गिऱ्हाईक आलं की ठरते."

"बस. स्टेम सेल म्हंजे अजून न ठरलेली पेशी. ती आपल्यासारखीच आणखी बनवत राह्यते, म्हून साठा संपत नाई. अन् लागन तशी कामाची पेशी बी बनवते. तांबडी पेशी, पांढरी पेशी, प्लेटलेट. तुमच्या हाडात न ठरलेला कापूसच संपत आला. मंग गादी कुठून भराची?"

"अन् माह्ये गुडघे?" भगवानराव पुढे सरकले. "त्यात सोडल्या दोन-चार तं नवे होतीन का? परवा एक जाहिरात पाह्यली म्या मोबाइलवर."

"काका, जाहिरात करणाऱ्याले आधी विचारा कोणती पेशी, कुठून आणली. ह्या अब्बूवाल्या रक्ताच्या घरच्या. ह्या कापसातून गादी निघन, उशी निघन, रजई निघन. सारं अंथरूणच. खुर्ची नाई निघत."

भगवानरावांनी कप खाली ठेवला आणि गुडघे चोळले. रहेमानभाई मात्र खूश झाला. आजार धंद्याच्या भाषेत आला की गिऱ्हाइकासारखा वाटतो, त्याच्याशी घासाघीस करता येते.

आता भावंडं दोन. तपासणी दोघांची करायची, असं डॉक्टर म्हणाले होते. पण घराचा निकाल तपासणीच्या आधीच लागला होता.

"साजिदचंच जुळन," अम्मी म्हणाल्या. "दोघाईले एका ठिकाणी उभं करून पाहा न. आंधळाही सांगन."

"दादी, हमीदा फुप्पीचंही पाहा लागते."

"तिचं कायले? पोरगी दिल्या घरची. नवऱ्याले सांगा, सासूले सांगा, हाडात सुई खुपसणार म्हना. अन् ते कोनावर गेली हाय, जे तिचं जुळन? पह्यले साजिदचं येऊ दे."

मी नातेवाइकांचे दोन प्रकार पाहिले आहेत. एक देणारे, दुसरे देऊन झाल्यासारखे वागणारे. साजिदनं नमुना दिला आणि त्या दिवसापासून त्यानं खजूर आणि अंडी सुरू केली. बाजारातून जाताना छाती काढून जाई. कोणी खुशाली विचारली की म्हणे, "आता भाईजानच्या अंगात मीच राहणार." गंमत म्हणजे त्याआधी भावाला रक्त द्यायला तो बाही वर करून उभा राहिला होता, तर दवाखान्यानं घरच्या कोणाचंच रक्त नको म्हणून परत पाठवलं. घरचं रक्त आधी चढलं तर अंग त्याला ओळखून ठेवतं आणि पुढे घरच्याच स्टेम सेल्सशी भांडू शकतं. साजिदला ते अपमानासारखं लागलं होतं. आता भरपाई होणार होती.

निकाल जेबाच्या मोबाइलवर आला. तिनं दुकानातच सगळ्यांसमोर वाचला. साजिदचं जुळत नाही. अर्धंसुद्धा नाही.

"मशीन खराब असन त्यायची," साजिद म्हणाला. मग माझ्या दुकानात आला आणि काउंटरच्या काचेत स्वतःचं नाक आडवं-उभं पाहून गेला. "हे नाक कोनाचं हाय मंग?"

रहेमानभाई मिशीचं टोक पिळत बसला होता. मग म्हणाला, "मतलब हा माहा भाऊ नाई?" म्हणाला हसत, पण गल्लीत ते शब्द हवेत राहिले. अशी वाक्यं लोक घरी घेऊन जातात.

जेबा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "दादी, रजईले दोन कापडं लागते का नाई? वरचं अन् अस्तर."

"लागते."

"दादाजानजवळ वरची कापडं दोन होती. समजा एक लाल, एक हिरवं. तुमच्याजवळ अस्तरं दोन. एक पांढरं, एक पिवळं. प्रत्येक पोराले दादाजाननं एक कापड देलं, तुम्ही एक अस्तर देलं. अब्बूले आलं लाल अन् पांढरं. साजिदचाच्याले हिरवं अन् पिवळं. दोघंही तुमचेच. पन रजया जुळत नाई."

"अन् नाक?"

"नाक दुसऱ्या पेटीतलं. नाकाचं लेखन डीएनएत वेगळ्या जागी, हे जुळवाजुळवीचं वेगळ्या. नाक पाहून हाड निवडता येत नाई, दादी. आपुन चेहरा पाहून दाता ठरवला, ही आपली चूक."

चूक खरीच, आणि याच लोकांनी करावी अशी. कापूस चिमटीत धरून तो कोणत्या तालुक्याचा ते सांगणारं हे घर. पाहून ओळखण्यावर आयुष्य काढलेलं. त्यांनी आतला माल खोळीवरून ठरवला, जे ते गिऱ्हाइकाला कधी करू देत नाहीत.

त्याच आठवड्यात रहेमानभाईला ताप भरला. पांढऱ्या पेशी नसल्या की साधा तापही साधा राहत नाही. नागपूरला भरती केलं. त्याच्या बायकोनं दवाखाना धरला, साजिदनं दुकान. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की सख्खं जुळलं नाही तर औषधांवर किंवा अर्ध्या जुळणीवर जावं लागेल, वाट आहे पण खाचखळग्यांची, आणि उशीर करू नका.

हमीदाला हे घरच्यांनी कळवलंच नाही. तिला कळलं ते नवऱ्याकडून. नेरचा कोणी गडी शहजादच्या गॅरेजवर स्कूटर घेऊन गेला आणि प्लग बदलून घेता घेता बातमीही देऊन आला. दुसऱ्या दिवशी राळेगावहून यवतमाळ, यवतमाळहून नेर अशा दोन एसट्या करून ती उतरली. माहेर समोर दिसत होतं, पण ती आली माझ्या दुकानात.

"काका, पाणी द्या. अन् जेबाले बलावा. अम्मीले सांगू नका."

जेबा आली. हमीदानं पाणी संपवलं, ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला. मी मशीनमध्ये कागद भरायला वळलो. कागद आधीच भरलेले होते.

"मी देतो," ती म्हणाली. "शहजाद हो म्हनते. सासू बडबडली, पन हो म्हनते. त्याचं काही नाई. एक सांग मले. तपासनी केली, अन् नाई जुळलं... तं मी ह्या घरची नाई, असं निघते का त्यातून?"

जेबाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा उतरला. तिनंही लहानपणापासून ती गंमत ऐकली होती. बहुतेक स्वतः केलीही होती.

"फुप्पी, तू खरंच..."

"मी काही खरंच नाई. मी हसतोच न. पन इतकी वर्सं एकच गोष्ट सांगतली तं मानसाले एक डाव वाटतेच." ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही पाह्यलं का मले कधी? जन्मल्यावर? तुम्ही तवा होता न इथं?"

मला खोटं बोलता आलं असतं, पण गरज नव्हती. "तुले पोटात घेऊन फिरतानी तुह्या अम्मीले पाह्यलं म्या. अन् तू झाली तवा तुह्या अब्बानं अख्ख्या ओळीत खजूर वाटले. गंजीतून आनलेल्याचे कोनी खजूर नाई वाटत."

जेबा तिच्याजवळ बाकावर बसली. "आईक. सख्ख्या भावंडांत चारातून एकाचंच पुरं जुळते. तिघांचं नाई जुळत. साजिदचाच्याचं शून्य आलं. म्हून तो गंजीतला झाला का? ही टेस्ट कोन कोनाचं हाय ते विचारतच नाई. ती फक्त विचारते, हिचा कापूस त्याच्या खोळीत बसन का. नाई आलं तरी तू आमचीच, अन् आलं तरी तेवढीच."

"पक्कं?"

"पेपरात दहापैकी दहा भेटले मले याच्यावर."

हमीदानं पदर नीट केला. "मंग चाल. पन आधी तपासनी, मंग अम्मी. नमुना देऊन मी इकडूनच वापस जातो. नाई आलं तं कोनाले समजाचंच नाई."

जेबानं घरात जाऊन, दवाखान्यानं हमीदासाठी आधीच दिलेली नळी आणली. कापसाच्या बोळ्याची काडी गालाच्या आतून फिरवायची आणि नळीत टाकायची, एवढंच. माझ्याच दुकानात झालं. मला राहवलं नाही.

"जेबा, जुळवाचं हाडातलं, अन् तू घेऊन राह्यली गालातलं. हे कसं?"

"काका, तुमच्याकडं एखाद्याचा मूळ कागद आला तं तुम्ही का करता?"

"जपून ठेवतो. नक्कल काढून देतो."

"अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीजवळ मूळ पोथी हाय, पुरी. गालाच्या, हाडाच्या, काळजाच्या, सगळ्याजवळ तीच. पोथी पेशीच्या कपाटातून बाहेर निघत नाई. ज्या पेशीले ज्या पानाची गरज, तेवढ्याच पानाची झेरॉक्स निघते, अन् त्या झेरॉक्सवरून माल बनते. गालाची पेशी गालाची पानं उघडते, रक्ताची पेशी रक्ताची. बाकी पानं बंद. पोथी एक, उघडलेली पानं येगयेगळी. म्हून गालातून बी हाडाचं वाचता येते."

मी माझ्या मशीनकडे जरा आदरानं पाहिलं. हाच धंदा प्रत्येक पेशीत चालतो, आणि तिथं वीज जात नाही.

नळी गेली. हमीदा मात्र परत गेली नाही, कारण अम्मीनं समोरून तिला पाहिलंच. तिला घरात घेतलं आणि जेवू घातलं. तपासणीचं कोणीच काढलं नाही. अम्मीला कळलं होतं, हमीदाला कळलं होतं की अम्मीला कळलं आहे, आणि दोघी भाजीबद्दल बोलत राहिल्या.

निकाल आला तेव्हा जेबा नागपुरात बापाजवळ होती. तिनं साजिदला फोन केला आणि स्पीकर लावायला सांगितलं. फोन दुकानाच्या गल्ल्यावर ठेवला. मी रस्ता ओलांडून आलोच होतो.

"पुरं जुळलं," फोनमधून आवाज आला. "फुप्पीचं पुरं. लाल अन् पांढरं. जसंच्या तसं."

साजिदनं खजुराची पिशवी उचलली आणि हमीदाच्या हातात दिली. माझ्या हिशेबात त्या दिवशी त्याच्या नावावर मी चांगली मोठी जमा केली.

हमीदा उभीच होती. अम्मीनं तसबीहचे मणी ओढायचे थांबवले आणि मान हलवली. "मले मालूम होतं."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. हे अम्मीचं खास. सकाळपर्यंत ज्या गोष्टीला विरोध, ती दुपारी त्यांना आधीपासून मालूम असते.

"का मालूम होतं?" हमीदा म्हणाली. आवाज वर नव्हता, पण हसणंही नव्हतं. "मले तं तू गंजीतून आनलं म्हने."

अम्मीनं तसबीह मांडीवर ठेवली. "म्या आनलं न गंजीतून," त्या म्हणाल्या. "साऱ्या गंजीत हात घालून, चांगला पाहून आनलं. खराब कापूस म्या कधी घरात आनला का?" आणि पदरानं तोंड पुसलं. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. ही त्यांच्या दुकानातली माफीच्या त्यातल्या त्यात जवळची वस्तू होती. हमीदानं ती घेतली. खजूर फोडून पहिला अम्मीलाच दिला.

नागपूरचं मी पाहिलं नाही. जे ऐकलं ते असं. ताप उतरल्यावर आधी रहेमानभाईच्या हाडातला उरलासुरला जुना माल औषधांनी साफ केला, कारण जुना कापूस काढल्याशिवाय खोळीत नवा बसत नाही. मग हमीदाला भूल देऊन कमरेच्या हाडातून गर काढला, आणि तो रक्ताच्या पिशवीसारखी पिशवी टांगून शिरेतून सोडला. रहेमानभाईची निराशा झाली. त्याला वाटलं होतं मोठं ऑपरेशन होईल, हाड उघडतील, भरतील, शिवतील. "हाडात कोन पोचवणार?" त्यानं नर्सला विचारलं. ती म्हणाली, "त्यांना वाट माहीत असते." रक्तातून फिरत त्या पेशी आपणच हाडात जाऊन बसल्या. दिल्या घरी गेलेली पोरगी माहेरची वाट विसरत नाही, असं अम्मी यावर म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचं कोणी खोडून काढलं नाही.

हमीदाची कंबर काही दिवस दुखली. नेरला आली तेव्हा पाय फाकवून, डुलत चालत होती. साजिदनं पाहिलं आणि ओरडला, "अम्मी, पाह्य! चाल बी जुळली!" या वेळी हमीदा सगळ्यांच्या आधी हसली.

रहेमानभाईला घरी यायला वेळ लागला, आणि आला तो मिशीशिवाय. औषधांनी केस गेले होते. तोंडाला मास्क, गर्दीला बंदी, बाहेरचं खाणं बंद. त्याला मरणाची काळजी वाटून संपली होती. आता मिशीची सुरू झाली.

ती भगवानरावांनी पेटवली. त्यांनी जेबाकडून ऐकलं होतं की रहेमानभाईचा रक्तगट बी होता, तो हळूहळू बदलून हमीदासारखा ओ झाला. शिवाय आता त्याच्या रक्ताच्या पेशी तपासल्या तर त्या बाईच्या निघतात.

"रहेमानभाई," भगवानराव लांबूनच, रस्त्याच्या पलीकडून म्हणाले, "रक्त बाईचं झालं म्हने. आता मिशी कशी येईन?"

रहेमानभाई दिवसभर हनुवटी चाचपत राहिला. संध्याकाळी त्यानं जेबाला धरलं. "खरं सांग. येईन का?"

"अब्बू, फुप्पी फक्त रक्ताच्या कारखान्यात बसली. मिशीचं मूळ तुमच्याच चमडीत, तुमच्याच पेशीचं. तिथं फुप्पीचा हात नाई."

"पन रक्त तं साऱ्या अंगात फिरते."

"फिरते, माल पोचवते. मिशी नाई बनवत. अन् मजा आइका, मिशी कशी बनवाची ते फुप्पीच्या पोथीतही लिवून हाय. दादीच्याही. पान हाय, पन उघडाले जो हुकूम लागते, तो तिथं पुरा भेटत नाई. तुमच्याकडं भेटते."

"अम्मीजवळ मिशीचं पान?"

"हाय."

रहेमानभाईनं अम्मीकडे बघितलं, मग घाईनं दुसरीकडे. पावसाळा सरता सरता ओठावर काळी रेघ दिसायला लागली. त्या दिवशी त्यानं तेलाची बाटली मागवली. तेल लावण्याइतकं अजून काही नव्हतं, पण बाटली समोर असावी म्हणाला.

थंडी पडली तसं दुकान भरलं. रजयांचा हंगाम. दवाखान्यानं परवानगी दिली तरी पिंजायच्या मशीनजवळ रहेमानभाईला बसू देत नाहीत, धूळ नको म्हणून. तो दारात मास्क लावून खुर्ची टाकून बसतो आणि आतल्या प्रत्येकाची चूक काढतो. परवा हमीदा आली होती. ती थेट आत गेली, मशीनवर बसली आणि जुन्या गाद्यांचा दडपलेला कापूस टाकायला लागली. लग्नाआधी हेच करायची, हात विसरला नव्हता. साजिद शेजारी टाके घालत होता. तंतू उडत होते. थोड्या वेळात दोघांच्या डोक्यावर, भुवयांवर, पापण्यांवर पांढरा थर बसला. कुरळे केस, सरळ केस, पोपटाचं नाक, बसकं नाक, सगळ्यावर तोच कापूस. वारा फिरला तसा थोडा दारात, मास्क हनुवटीवर ओढून बसलेल्या रहेमानभाईच्या नव्या मिशीवरही जाऊन बसला.

दारव्ह्याकडची एक बाई रजई भरायला आली. तिनं आत पाहिलं, मग दारात पाहिलं.

"तिघं भावंडं का हो तुम्ही?" ती म्हणाली. "एका साच्यातून काढल्यासारखे दिसून राह्यले."

भगवानरावांनी तोंड उघडलं. सवयच ती. पण हमीदानं मशीन थांबवली आणि त्यांच्या आधी बोलली.

"हो बाई. एकाच गंजीतले आहो."

आणि पुन्हा मशीन सुरू केली.